माया आणि मान

परवा रविवारी उपासनेत रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय वाचला गेला. त्यात पौलाने विश्वासणाऱ्यांना एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, सख्ख्या भावंडांसारखी एकमेकांवर माया करा. आणि दुसरी, मान देण्यात एकमेकांच्या पुढे जा. लहानपणापासून हे ऐकत आलो आहे. या वेळी मात्र घरी येताना मनात आले, की दोन गोष्टी वेगळ्या का बरे सांगितल्या? माया केली की मान त्यात आलाच, नाही का? जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे उत्तर शोधायला मी तिकडेच वळलो.

रोमच्या त्या मंडळीत यहुदी होते, यहुदी नसलेले होते आणि गुलामही होते. आपल्या गुलामावर जीव लावणारे मालक तेव्हाही असतीलच. पण त्याला मान द्यायचा म्हणजे शेजारी बसवायचे, त्याचे ऐकायचे. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात पौल अनेसिम नावाच्या गुलामाला परत पाठवतो आणि सांगतो, की याला आता गुलाम म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून घरात घे. माया आणि मान यांतले अंतर तिथे दिसते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहिला होता, तो अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पण ख्रिस्ती लोकांबरोबर जेवलेला मुलगा घरी आला तरी जातीत कसा यायचा? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून खटपट केली, तर सनातनी मंडळी बाळशास्त्रींवरच उलटली! एका पंगतीची किंमत त्या काळी एवढी होती. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याचे घर, भाऊबंद, पाणवठा सगळेच सुटायचे. म्हणून मंडळीत एकमेकांना 'बंधू' म्हणणे ही नुसती बोलायची रीत नव्हती. दुसरे भाऊ उरलेलेच नसायचे. पुढे रेव्हरंड झालेल्या या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. तिथे त्यांचे भाऊबंद कोण होते? बहुतेक मांग समाजातून आलेले लोक.

दुसरे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंची व त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग राहुरीला असताना बाईंनी स्वतःच विचार केला, की जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनीच केल्या, असे मनाला पटले आणि कुणाच्याही हातचे खायची त्यांची तयारी झाली. हे 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी सांगितले आहे. गंमत पाहा, बाप्तिस्मा त्यांनी नंतर, १९०० साली घेतला. जात त्याआधीच मनातून गेली. आपल्या बाबतीत पुष्कळदा उलटे झाले. बाप्तिस्मा आधी झाला, जात निघायची मात्र राहूनच गेली.

मायेची आणि मानाची ही फारकत गोऱ्या मिशनरींनाही चुकली नाही. त्यांनी दुष्काळात अन्न दिले, शाळा आणि दवाखाने काढले. आमच्या घराण्यात अक्षर आले ते त्यांच्यामुळे, हे मी विसरणार नाही. पण १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिणेतले व्ही. एस. अझरया उभे राहिले आणि साऱ्या सभेसमोर म्हणाले, की तुम्ही आम्हाला पुष्कळ दिलेत, आता मित्र द्या. वरून खाली येणारी माया त्यांना पुरत नव्हती. आपल्या टिळकांनीही १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, न झालेल्यांनाही होती.

असो. इतरांचे दाखले देणे मास्तरांना सोपे जाते. आता स्वतःचे सांगतो.

आमचे पणजोबा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या ज्या वस्तीतून मंडळीत आले, त्या वस्तीला गावच्या विहिरीवर मज्जाव होता. आणि त्यांच्या पणतवाने काय केले? वीसेक वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला एक स्थळ आले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, घर मंडळीतले. घरातला वडीलधारा म्हणून बैठकीत मी विचारले, "पण तुम्ही मूळचे कोण?" मुलाच्या वडिलांनी खरे ते सांगितले. मी मान हलवली आणि पावसापाण्याच्या गप्पा काढल्या. चहा झाला, निघताना आपुलकीने नमस्कार झाले. मायेत मी काही कमी पडू दिले नाही! पण स्थळ पुढे गेले नाही आणि का गेले नाही ते कुणी बोलले नाही. महिन्यातून एकदा आम्ही त्याच प्याल्यातून प्रभुभोजन घेत होतो.

पौलाने दोन गोष्टी वेगळ्या का सांगितल्या, ते मला आता कळते. माया आपल्या सोयीने करता येते. मान द्यायचा तर आपली जागा थोडी सोडावी लागते.

पुतणीचे पुढे दुसरीकडे लग्न झाले, ती सुखात आहे. हे पान ती वाचते, मला ठाऊक आहे. बाळे, त्या दिवशी तुला कुणी काही विचारले नाही. विचारायला हवे होते. त्या गृहस्थांची क्षमा मागायला मात्र उशीर झाला, ते आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा रविवारी आमच्यापुढच्या बाकावर बसतो. येत्या रविवारी आपण होऊन त्याच्याशी बोलायचे ठरवले आहे.