समुद्रतळाच्या तारेची नाडीपरीक्षा

दोन गावे तारेने जोडली म्हणजे ती एकमेकांशी बोलू लागली, असे आपण सहज म्हणतो. दूरसंचाराचे काम पाहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र खरे काम तेथून पुढे सुरू होते. तार एका मिनिटात किती अक्षरे नेते? त्यांपैकी किती चुकतात? कालच्यापेक्षा आज ती अशक्त झाली आहे का? आणि बंद पडलीच, तर नेमकी कोठे? हे प्रश्न आज नित्याचे आहेत. पण ते विचारण्याची रीत पडण्यापूर्वी हजारो मैल तारा समुद्रात वाया गेल्या. ही रीत १८५० ते १८७० या वीस वर्षांत कशी पडली, ते आपण या लेखात पाहू. ओहमचा नियम किंवा व्हीटस्टनचा सेतू शिकवताना ही हकीगत सांगितली, तर ती उपकरणे कोणत्या गरजेतून आली हे विद्यार्थ्यांना कळेल.

खांबावरची तार आणि पाण्यातली तार

खांबांवरून जाणारी तार तुटली तर ती शोधणे कष्टाचे असते, पण अशक्य नसते. माणूस तारेखालून चालत जातो आणि दोष डोळ्यांनी पाहतो. १८५४-५५ च्या सुमारास ओशॉनेसी यांनी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडली, ती अशाच देखरेखीवर चालली.

समुद्रात हा मार्ग बंद होतो. पाण्यातली तार दोनच ठिकाणी हाताला लागते, एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला. मधल्या शेकडो मैलांत काय चालले आहे, हे टोकावर बसूनच ओळखावे लागते. नाडीवर बोट ठेवून शरीरातले दुखणे ओळखणाऱ्या वैद्याचीच ही स्थिती.

१८५० च्या ऑगस्टमध्ये ब्रेट बंधूंनी डोव्हरपासून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत गटापर्चाचे वेष्टण असलेली तांब्याची तार टाकली. ती जेमतेम एक दिवस टिकली. पुढच्याच वर्षी लोखंडी तारांचे चिलखत घातलेली केबल टाकली, ती चालली. या यशामुळे एक समजूत मात्र पसरली, की तार मजबूत असली आणि तुटली नाही की झाले.

लांब केबलमध्ये एक वेगळीच अडचण होती. पाठवलेला ठळक ठोका पलीकडे पसरट आणि उशिरा पोहोचे. १८५४ मध्ये फॅरडे यांनी याचा उलगडा केला. मध्ये तांबे, भोवती गटापर्चा आणि बाहेर समुद्राचे पाणी, म्हणजे ही केबल एक लांबलचक लायडेन जारच आहे. ती आधी विद्युत्भाराने भरावी लागते आणि मग रिकामी व्हावी लागते. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी याला गणिताची जोड दिली. सळईतून उष्णता पसरते त्याच समीकरणाने केबलमधला विद्युत् दाब पसरतो, असे त्यांनी दाखवले. त्यातून निघालेला नियम असा, की तार दुप्पट लांब केली तर विलंब दुप्पट नव्हे, चौपट होतो. यावर उपाय म्हणजे तांबे जाड आणि शुद्ध घेणे, वेष्टण जाड करणे आणि दुसऱ्या टोकाला अतिशय क्षीण प्रवाह ओळखणारे उपकरण ठेवणे.

दोन हजार व्होल्टचा इलाज

आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी केबल टाकण्यासाठी १८५६ मध्ये अटलांटिक टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य विद्युत् तज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाऊस. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक. त्यांनी स्वतः बरेच प्रयोग केले होते, आणि टॉमसन यांचा वर्गाचा नियम त्यांना मान्य नव्हता. प्रवाह क्षीण होत असेल तर धक्का जोराचा द्यावा, असे त्यांचे मत.

केबलची निर्मिती घाईत झाली. निम्मी केबल एका कारखान्याने केली, निम्मी दुसऱ्याने. बाहेरच्या लोखंडी तारांचा पीळ एकीत उजवा, तर दुसरीत डावा पडला. तांब्याच्या वेगवेगळ्या नमुन्यांची विद्युत्वाहकता जवळजवळ दुपटीने बदलते, हे टॉमसन यांनी १८५७ मध्ये मोजून दाखवले होते. तयार केबल पाण्यात बुडवून तपासली गेली नाही. काही भाग तर उन्हात पडून होता, आणि गटापर्चा उष्णतेने मऊ होतो.

अनेक अपयशांनंतर ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही टोके किनाऱ्याला लागली. दोन्ही देशांत दिवाळी झाली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना निरोप गेला. शब्द सुमारे शंभर, आणि त्याला सुमारे १६ तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे! केबल जोडलेली होती, पण आजारी होती. व्हाइटहाऊस यांनी मोठाल्या प्रवर्तन वेटोळ्यांतून सुमारे २००० व्होल्टचे धक्के दिले. आधीच कच्च्या असलेल्या वेष्टणाला ते झेपले नाहीत. कंपनीने त्यांना ऑगस्टमध्येच दूर केले, पण उशीर झाला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला केबल मुकी झाली.

तेवढ्या दिवसांतही तिचे मोल दिसले होते. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातील पलटणींना परत बोलावण्याचा हुकूम निघाला होता. तो केबलवरून रद्द झाला आणि सुमारे ५० हजार पौंड वाचले. म्हणून केबलचा मृत्यू लोकांना अधिकच झोंबला. ही सारीच फसवणूक होती, असेही काही जण म्हणू लागले.

सारा दोष एकट्या व्हाइटहाऊस यांच्या माथी मारणे योग्य नाही. जहाजावर चढण्यापूर्वीच ती केबल सदोष होती. मात्र तिचे वेष्टण किती दाब सोसेल आणि दोष कोठे आहे, हे मोजण्याआधीच इलाज सुरू झाला, ही चूक उरतेच.

चौकशी आणि हिशेब

भारताशी संबंध असलेली दुसरी केबलही याच वाटेने गेली. १८५९-६० मध्ये सुएझ, एडन आणि कराची या मार्गावर केबल टाकली. ती सलग अशी कधीच चालली नाही. सरकारने भांडवलावर बिनशर्त हमी दिली होती. त्यामुळे न चाललेल्या केबलपायी खजिन्यातून दरवर्षी ३६,००० पौंड, तेही पन्नास वर्षांसाठी, बांधले गेले.

ब्रिटिश सरकार आणि अटलांटिक कंपनी यांनी नेमलेल्या संयुक्त समितीचा अहवाल १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर जगभर समुद्रात टाकलेल्या सुमारे ११,००० मैल केबलपैकी ३,००० मैलच चालू असल्याचे त्यातून दिसले. समितीचा निष्कर्ष निराशेचा नव्हता. रचना, निर्मिती, टाकणे आणि सांभाळणे यांत पुरेशी काळजी घेतली तर केबल यशस्वी होईल, असे तिने सांगितले. काळजी घेणे म्हणजे प्रत्येक टप्प्यावर मोजणे.

पण मोजायचे कशात? कोणी रोध ‘अमुक जाडीच्या तांब्याच्या तारेचे इतके मैल’ असा सांगे, तर कोणी पाऱ्याच्या स्तंभाच्या लांबीत. दोन कारखान्यांची मापे जुळत नसत. टॉमसन यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली. मॅक्सवेल त्यात पुढे सामील झाले आणि १८६३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी सहकाऱ्यांसह रोधाचे निरपेक्ष मापन केले. त्यातून आलेले एकक म्हणजे आजच्या ओहमचा पूर्वज. आपल्या पाठ्यपुस्तकातला ओहम प्रयोगशाळेत जन्मला खरा, पण त्याची निकड समुद्रतळाशी होती.

एकक आल्यावर दोषाची जागा काढणे हे शाळेतले गणित झाले. समजा, आ आणि ब या दोन ठाण्यांमधील केबलच्या तांब्याचा एकूण रोध १००० ओहम आहे. मध्ये कोठेतरी वेष्टण फाटून प्रवाह पाण्यात गळतो आहे. प्रथम ब टोक मोकळे ठेवून आ टोकाकडून रोध मोजला, तो ७०० ओहम आला. मग आ टोक मोकळे ठेवून ब टोकाकडून मोजला, तो ९०० आला. दोषापर्यंतच्या तारेचा रोध क्ष आणि गळतीच्या जागेचा रोध ग धरू.

क्ष + ग = ७००
(१००० − क्ष) + ग = ९००

पहिल्यातून दुसरे वजा केले तर २क्ष − १००० = −२००, म्हणून क्ष = ४०० आणि ग = ३००. दोष आ पासून चार दशांश अंतरावर आहे. जहाज थेट तेथे पाठवता येते. प्रत्यक्षात उघड्या तांब्यावर समुद्राच्या पाण्यात विद्युत् अपघटन होते आणि ग सतत बदलत राहतो. म्हणून मापन पुन्हापुन्हा, प्रवाहाची दिशा बदलून करावे लागे. एका मापनावर विसंबायचे नाही, ही सवय त्यातूनच लागली.

डोळ्यांत तेल घालून

१८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज नवी केबल घेऊन निघाले. या केबलमध्ये तांबे पहिलीच्या जवळजवळ तिप्पट होते. दुसऱ्या टोकाला टॉमसन यांचा आरसा-गॅल्व्हानोमीटर होता. रेशमाच्या धाग्याला टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले बारीक चुंबक आणि भोवती तारेचे वेटोळे. आरशावरून परावर्तित झालेला दिव्याचा ठिपका दूरच्या पट्टीवर सरके, त्यामुळे अतिक्षीण प्रवाहही दिसे.

या सफरीत गटापर्चात घुसलेला लोखंडी तारेचा तुकडा मापनाने सापडला आणि केबल मागे ओढून तो काढताही आला. पण एक उणीव होती. वेष्टणाची परीक्षा, तांब्याच्या अखंडतेची परीक्षा आणि निरोप ही कामे आळीपाळीने चालत. वेष्टणाची पाळी नसताना दोष आला, तर तो कळेपर्यंत बरीच केबल पाण्यात गेलेली असे. ती परत ओढताना धोका वाढे. २ ऑगस्टला असाच एक दोष काढण्यासाठी ओढताना केबल तुटली आणि सुमारे १२०० मैल तार तळाशी गेली.

१८६६ च्या सफरीसाठी विलोबी स्मिथ यांनी पद्धत बदलली. जहाजावरून तांब्याला सतत विद्युत् दाब द्यायचा. किनाऱ्यावरचे टोक तोडायचे नाही, तर अतिशय मोठ्या रोधातून आणि गॅल्व्हानोमीटरमधून जमिनीला जोडायचे. जहाजावरच्या ठिपक्यावरून गळती किती हे क्षणोक्षणी कळे. किनाऱ्यावरच्या ठिपक्यावरून तांबे अखंड असल्याचे कळे. परीक्षा न थांबवता निरोपही देता येत. आजच्या भाषेत, चालू दुव्यावरची ही अखंड देखरेख. २७ जुलै १८६६ रोजी केबल पूर्ण झाली.

दरम्यान व्हॅलेन्शियाच्या ठाण्यावर १८६५ च्या तुटलेल्या केबलच्या टोकाशी कोणी ना कोणी रात्रंदिवस पहारा देत होते. वर्षभर ठिपक्याने काही सांगितले नव्हते. २ सप्टेंबर १८६६ च्या पहाटे तो हलला. भर समुद्रात, तीन किलोमीटरहून अधिक खोलीतून, ग्रेट ईस्टर्नने तुटके टोक वर काढले होते. आठवडाभरात ती केबलही पूर्ण झाली.

मग लॅटिमर क्लार्क यांनी दोन्ही केबल पलीकडच्या टोकाला एकमेकींना जोडून घेतल्या. शिंपी बोटात घालतो तसल्या चांदीच्या अंगुस्तानात आम्लाचे काही थेंब आणि जस्ताचा तुकडा ठेवून त्यांनी विद्युत्घट केला. त्या घटाचा संकेत अटलांटिक ओलांडून जाऊन परत आला आणि ठिपका हलला. जे काम २००० व्होल्टने साधले नाही, ते निरोगी तार आणि सूक्ष्म मापन यांनी एका अंगुस्तानात साधले.

एक अनपेक्षित फळही मिळाले. किनाऱ्यावरच्या मोठ्या रोधासाठी स्मिथ यांनी पुढे सेलेनियमच्या कांड्या वापरल्या, पण त्यांचा रोध स्थिर राहीना. कांडीवर प्रकाश पडला की रोध घटतो, हे त्यांच्या सहायकाच्या ध्यानात आले. १८७३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि प्रकाशविद्युत् उपकरणांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले.

मुंबईपर्यंत

१८७० मध्ये हेच जहाज मुंबईला आले आणि फेब्रुवारीत येथून एडनकडे केबल टाकीत निघाले. जूनमध्ये लंडन-मुंबई समुद्रमार्ग खुला झाला. त्याआधी तुर्कस्तानातून येणाऱ्या तारा अनेक हातांतून जात, त्यांना दिवसच्या दिवस लागत आणि मजकूर ओळखता येत नसे. दहा वर्षांपूर्वी याच तांबड्या समुद्राने एक केबल गिळली होती. आता समुद्र तोच होता. बदलली होती ती काळजी.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. समुद्रतळाच्या केबल मात्र काचतंतूंच्या रूपाने वाढतच आहेत. दोष शोधण्यासाठी आता तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडतात आणि परत विखुरलेला प्रकाश किती वेळाने येतो ते पाहतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. एक सहस्रांश सेकंदाने उत्तर आले, तर दोष किती अंतरावर? जाण्यायेण्याचे मिळून २०० किलोमीटर, म्हणजे दोष १०० किलोमीटरवर. अक्षरांऐवजी आता चुकलेले अंक मोजतात, आणि दुवा वर्षात किती काळ चालू होता याची टक्केवारी ठेवतात. ९९.९ टक्के ऐकायला भरघोस वाटते, पण त्यात वर्षाकाठी पावणेनऊ तासांचा खंड बसतो. ९९.९९९ टक्के असेल तरच तो सुमारे पाच मिनिटांवर येतो. हे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे.

दोष टळतात असे मात्र नाही. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रखडले. तरी कोठे तुटले हे टोकावर बसूनच काढता आले आणि जहाजे नेमकी तेथे गेली. १८५८ ची केबल मुकी झाली तेव्हा तिच्याबद्दल तर्क लढवले गेले. आजच्या केबल बोलत असतानाच आपली प्रकृती सांगतात, कारण व्हॅलेन्शियाच्या त्या ठिपक्यासमोर कोणीतरी बसले पाहिजे, हे आम्हां तंत्रज्ञांच्या पूर्वसूरींना महागात पडून कळले होते.