हिटलर आणि ल बॉनचा समूहमानसावरील ग्रंथ

दोन पोथ्यांत पाठसाम्य आढळलें म्हणजे एक दुसरीवरून उतरली असें ठरत नाहीं. दोहोंची मूळ प्रत तिसरीच असूं शकते, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगणें नलगे. हाच दंडक आम्ही येथें एका अर्वाचीन प्रकरणास लावून पाहतों.

गुस्ताव ल बॉन (१८४१–१९३१) या फ्रेंच लेखकाचा समूहमानसावरील ग्रंथ १८९५ सालीं प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानच्या संस्कृतींवर १८८७ त ग्रंथ लिहिणारा तोच हा गृहस्थ. ठाम विधान, पुनरुक्ति व संसर्ग या साधनांनीं पुढारी जमावाचें मन ताब्यांत घेतो, असा त्याचा सिद्धांत. हिटलरनें १९२४ त लांड्सबर्गच्या तुरुंगांत लिहावयास घेतलेल्या 'माइन काम्फ' ग्रंथांत युद्धकालीन प्रचारावर एक प्रकरण आहे. लोकसमूहाची ग्रहणशक्ति अल्प, म्हणून मोजकेच मुद्दे पुनःपुन्हा सांगावे, असें प्रतिपादन त्यांतहि आहे. साम्य उघड आहे. परंतु ल बॉनचें नांव तेथें नाहीं.

मग दुवा कोणता? आइस्लरकृत जर्मन भाषांतर १९०८ पासून उपलब्ध होतें. शिवाय रोसबाख नामक लेखकाची याच विषयावरील पुस्तिका १९१९ त म्युनिक येथें निघाली. तींत ल बॉनचा आधार घेतलेला असून त्या वर्षीं हिटलर त्याच शहरीं होता. कांहीं अभ्यासक हीच मधली प्रत मानतात. बरें, ल बॉनचा ग्रंथहि आद्य नव्हे. इटलीच्या सिगेलेनें १८९१ त जमावावर ग्रंथ लिहिला होता, व ल बॉननें आपले विचार उचलले असा त्याचा आक्षेप होता. मुसोलिनीनें ल बॉन वाचल्याचें स्वतः सांगितलें. हिटलरची तशी कबुली नाहीं. सबब, परंपरा संभवनीय, प्रत्यक्ष वाचन असिद्ध, एवढाच निर्णय आम्हांस मान्य आहे.

हा वाद मुरुमसारख्या गांवास दूरचा वाटेल. परंतु आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील हें गांव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होतें, आणि लातूरचा वकील कासीम रझवी याच्या भाषणांनीं चेतलेल्या रझाकारांचा जाच या भागानें सोसला आहे. त्याचा जाब विचारतांना रझवीनें कोणता ग्रंथ वाचला होता, हें येथें कोणी विचारलें नाहीं; आणि तें योग्यच झालें. जमाव पेटविण्याची विद्या ग्रंथावांचूनहि साधते. पुराव्यावांचून ग्रंथास दोष दिला, तर बोलणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचा दोष हलका होतो. संशोधकानें तरी हें पाप पदरीं घेऊं नये.