नवा प्रशिक्षक आला, मग कोपराही नवा लागतो का? पुणेरी पलटणचा हिशोब

हसनाबाद (ता. भोकरदन) : गावच्या कबड्डी संघाला नवा प्रशिक्षक मिळाला की पारावर पहिली चर्चा ठरलेली : "चढाईवाले आहेत हो, पण कोपरा कच्चा आहे. बाहेरून एखादा आणायचा का?" प्रश्न पैशाचाही आहे. कारण बाहेरचा खेळाडू आला की गावातला एक पोरगा बाहेर बसतो.

आधी कोपरा म्हणजे काय ते बघू. सात जणांच्या संघात दोन्ही टोकांना उभे राहतात ते कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूचे मध्यरक्षक. चढाईपटूला ३० सेकंद असतात. तो बोनससाठी पाय टाकतो तेव्हा घोटा धरायचा तो कोपऱ्यानं, आणि त्यावर धडक मारून त्याला मध्यरेषेपासून रोखायचं ते मध्यरक्षकानं. दोघांत अर्ध्या क्षणाचं अंतर पडलं की पोरगा घोटा सोडवून पार. बरेच चढाईपटू आपल्या उजव्या हाताला जातात, म्हणून डाव्या कोपऱ्यावर काम जास्त.

प्रो कबड्डीत पुणेरी पलटणचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. २०२२ मध्ये बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले. त्याच वेळी इराणचा नावाजलेला डावा कोपरारक्षक फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला. संघ अंतिम फेरीत गेला, पण १७ डिसेंबर २०२२ ला जयपूरकडून २९-३३ असा हरला. पुढच्या हंगामात फजल गेला आणि इराणचाच मोहम्मदरेझा शादलूई २ कोटी ३५ लाखांना आला. त्यानं पकडींचे ९९ गुण घेतले. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ असं हरवून पुणेरीनं पहिल्यांदा चषक उचलला. कर्णधार होता श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार.

इथवर वाचलं तर वाटेल, कोपरा विकत घ्या, काम झालं. पण पुढचं ऐका. शादलूई हरियाणाकडे गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता झाला. पुणेरी त्या हंगामात पहिल्या सहातही नव्हती. त्याला अस्लमची दुखापतही कारण होती, सगळं खापर कोपऱ्यावर फोडता येत नाही. २०२५ मध्ये शादलूई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, पण गुजरात पहिल्या आठातही आला नाही. उलट पुणेरीला अजय ठाकूर हे नवे प्रशिक्षक मिळाले, मोठी बोली लागली ती सचिन या चढाईपटूवर, उजव्या कोपऱ्यावर जुनाच गौरव खत्री. हा संघ गुणतक्त्यात पहिला आला आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून फक्त तीन गुणांनी, २८-३१ असा हरला.

म्हणजे चांगला कोपरा लागतोच, पण त्याच्या शेजारचा मध्यरक्षक त्याला ओळखणारा पाहिजे. शादलूईच्या मागे पुणेरीत एकत्र सराव केलेली साखळी होती. गावात स्पर्धेच्या आदल्या दिवशी येणाऱ्या पाहुण्या खेळाडूकडे नेमकी तीच नसते.

मातीवरचा कोपरा आणि मॅटवरचा कोपराही वेगळा. मातीत पाय रुततो, चढाईपटूचा वेग कमी पडतो, म्हणून घोटा सापडतो. तोच पोरगा तालुक्याला मॅटवर गेला की सूर मारायला उशीर करतो. नव्या प्रशिक्षकानं पहिले पंधरा दिवस तरी हे तपासायला घ्यावं.

तपासायला वही पुरते. मागच्या पाच सामन्यांत कोपऱ्यानं किती वेळा घोटा धरला आणि त्यातले किती सुटले, हे लिहायचं. धरलेच कमी असतील तर कोपरा बदलायचा विचार करा. धरले पण सुटले, तर आधी शेजारच्या मध्यरक्षकाला त्याच्याबरोबर रोज संध्याकाळी पन्नास पकडी करायला लावा. आणि समोर तीन किंवा कमी गडी उरले असताना अव्वल पकडीचा जादा गुण कोण मिळवतो, तेही टिपून ठेवा. बऱ्याचदा ते नाव कोपऱ्याचं नसून आत उभ्या असलेल्या एखाद्या गप्प पोराचं निघतं.