थरारपटाचे संकेत आणि सराफ्याची कसोटी

लोकप्रिय कलाप्रकारांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या समीक्षकापुढची पहिली अडचण साधनांच्या अभावाची नसते. ती त्याच्या स्वतःच्या रुचीविषयीच्या संकोचाची असते. ज्या वाङ्मयावर आणि ज्या चित्रपटांवर त्याचे बालपण पोसलेले असते, त्यांचा उल्लेख पुढे पदवी आणि प्रतिष्ठा मिळाल्यावर तो सहसा टाळतो. मराठी समीक्षेने रहस्यकथेकडे आणि तिचे पडद्यावरचे भावंड असलेल्या थरारपटाकडे दीर्घकाळ ज्या उपेक्षेने पाहिले, तिच्या मुळाशी हा संकोच होता, असे मला वाटते. प्रस्तुत निबंधात थरारपटाच्या काही उपप्रकारांचा आणि त्यांच्या संकेतांचा ऐतिहासिक अंगाने विचार करायचा आहे. तो करताना माझ्या स्वतःच्या संकोचाचाही हिशेब द्यावा लागेल.

माझे बालपण रायपूरच्या सदर बाजारामागच्या एका आळीत गेले. घरात मराठी, रस्त्यावर छत्तीसगढी आणि हिंदी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. सदर बाजार हा सराफांचा बाजार. पांढरी गादी, काचेच्या पेटीतला तराजू, गुंजा आणि काळा कसोटीचा दगड हे सारे मी शाळेत जाता-येता पाहत असे. दागिना कितीही झगमगीत असो, सराफ तो आधी दगडावर घासून पाही. कलेच्या परीक्षेसंबंधीचा माझा पहिला धडा तोच होता, हे मला फार उशिरा कळले.

या गावाचे मराठीशी नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. म्हणून नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत संत्र्यांबरोबर मराठी पुस्तके असणे, हे राज्य बदलल्यावरही आमच्या घरी चालू राहिले. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे सप्रे दीर्घकाळ रायपुरात राहिले आणि १९२६ मध्ये तेथेच निवर्तले. योगायोग असा की, त्याच १९०० साली गोपालराम गहमरी यांनी 'जासूस' हे हेरकथांना वाहिलेले हिंदी मासिक काढले. एकीकडे विचारप्रबोधन, दुसरीकडे रंजन. वाङ्मयेतिहासाने पहिल्याला मुख्य दालनात बसविले आणि दुसऱ्याला ओसरीवर ठेवले.

मराठीतही असेच घडले. गो. ना. दातार यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू हे नायक महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही राहत होते. आमच्या घरी ते एका पत्र्याच्या पेटीत राहत, आणि भूगोलाच्या पुस्तकाच्या आडोशाने बाहेर येत. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर आले. भय आणि गूढ यांचा प्रदेश नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी विस्तारला. थरारपटाकडे वळताना ही वाचनपरंपरा ध्यानात घ्यावी लागते, कारण प्रेक्षक पडद्यासमोर बसतो तेव्हा संकेतांची अर्धी भाषा तो पुस्तकांतून शिकून आलेला असतो.

प्रथम व्याख्येचा प्रश्न. त्स्वेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये मांडले की, शोधकथेत दोन कथा असतात : घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि चालू असलेल्या शोधाची. पहिली अनुपस्थित असते, दुसरी तिला हळूहळू उपस्थित करते. थरारकथेत मात्र पहिली कथा मागे पडते. गुन्हा आणि त्याचा पाठपुरावा एकाच काळात घडतात, आणि 'काय घडले?' या कुतूहलाची जागा 'आता काय होईल?' ही चिंता घेते. हिचकॉक यांनी हाच भेद टेबलाखालच्या बाँबच्या दृष्टान्ताने समजावला होता. बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो तेथे आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल तर साध्या गप्पांचा प्रत्येक क्षण जड होतो. आपल्याकडे भरताने निर्वहणसंधीत अद्भुत रसाची योजना सांगितली आहे. शेवटी विस्मय हवा, हा संकेत आपल्याला परका नव्हता.

पहिला उपप्रकार 'गुन्हेगार कोण?' या प्रश्नाचा. मर्यादित पात्रे, बंद जागा, प्रत्येकावर संशय आणि शेवटी ज्याच्यावर संशय सर्वांत कमी तोच दोषी, हे त्याचे संकेत. राजा नवाथे यांच्या 'गुमनाम'मध्ये (१९६५) अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ च्या कादंबरीचा साचा स्पष्ट दिसतो. त्यात हिंदी पडद्याने गाणी, नृत्ये आणि विनोद यांची भर घातली. शुद्धतावाद्यांना ती भेसळ वाटली. परंतु ताण आणि विसावा यांची ही आलटापालट आपल्या प्रेक्षकाच्या सवयीशी जुळणारी होती. उलट 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९) हे चित्रपट गीतांविना उभे राहिले. या तिन्ही चित्रपटांत नंदा आहे. मास्टर विनायकांची ही कन्या हिंदी रहस्यपटाच्या इतक्या वेगवेगळ्या वळणांवर भेटते, याची नोंद मराठी लेखनात फारशी घेतली गेली नाही.

दुसरा उपप्रकार वाड्याचा. ओसाड हवेली, धुके, रात्रीचे गाणे, पांढऱ्या वस्त्रांतील स्त्री, काही लपविणारा वृद्ध नोकर. 'महल' (१९४९) पासून हे संकेत रूढ झाले आणि बीरेन नाग यांच्या 'बीस साल बाद' (१९६२) व 'कोहरा' (१९६४) या चित्रपटांत स्थिरावले. 'कोहरा'तील दाईच्या भूमिकेत ललिता पवार यांनी केवळ नजरेने जो धाक निर्माण केला, तो मूळ 'रेबेका'च्या परंपरेला शोभणारा आहे. येथे एक सामाजिक धागा महत्त्वाचा आहे. मध्य प्रदेशात १९५१ मध्ये मालगुजारी संपली. छत्तीसगढच्या मालगुजारांत मराठी घराणीही होती. त्यांचे रिकामे होत चाललेले वाडे आम्ही प्रत्यक्ष पाहिले होते. 'बीस साल बाद'मध्ये ठाकुरांच्या वंशाचा नाश करणारी शक्ती भुताची नसते. एका गावकरी मुलीवरील अत्याचाराचा तो सूड असतो. वाड्यातले भूत म्हणजे वाड्याने केलेला अन्याय, हे समीकरण मोकळ्या होत चाललेल्या वाड्यांच्या सावलीत बसलेल्या प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते. मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या वसंत जोगळेकरांच्या चित्रपटाने हेच भय घराबाहेरून मनात आणले. पुढे 'लपाछपी'ने (२०१७) ते उसाच्या फडात नेले आणि त्याला स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रश्नाशी जोडले.

तिसरा उपप्रकार दुहेरी ओळखीचा, आणि त्याचे आवडते स्थळ न्यायालय. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) हा त्याचा मराठीतील मानदंड. पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्याच रूपाची स्त्री आरोपी म्हणून समोर येते आणि पतीच्या स्मृतीचीच उलटतपासणी सुरू होते. या कथेवरून राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) काढला. मराठीतून हिंदीत गेलेल्या रहस्यपटाचे हे ठळक उदाहरण होय. जुळ्या बहिणीचा संकेत आज आपल्याला स्वस्त वाटेल. परंतु त्याच्या आड दडलेला प्रश्न स्वस्त नाही : जिच्यासोबत संसार केला, तिला आपण कितपत ओळखतो?

चौथा उपप्रकार शहराचा आणि पोलिसाचा. 'बाजी' (१९५१), 'सी. आय. डी.' (१९५६), 'काला पानी' (१९५८) या चित्रपटांनी रात्रीची मुंबई, जुगाराचे अड्डे आणि प्रतिष्ठितांचे गुन्हे हे संकेत आणले. 'काला पानी'त एका निरपराधाला शिक्षा होते ती सरकारी वकिलाच्या कारस्थानाने. ती भूमिका करणारे किशोर साहू आमच्याच छत्तीसगढचे. पुढे 'अर्धसत्य'ने (१९८३) या उपप्रकाराला वेगळी खोली दिली. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचे दिग्दर्शन यांतून असा फौजदार उभा राहिला, ज्याला गुन्हेगार कोण हे पहिल्यापासून माहीत असते. रहस्य उरत नाही. उरते ती हतबलता. 'माफीचा साक्षीदार' (१९८६) या चित्रपटाला पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची (१९७६-७७) पार्श्वभूमी होती, आणि त्याने मध्यमवर्गाच्या दाराची कडी किती कच्ची आहे हे दाखविले. 'बिनधास्त'ने (१९९९) प्रमुख भूमिका स्त्रियांकडे सोपवून पुरुषप्रधान संकेतच उलटविला.

पाचवा उपप्रकार पाठलागाचा. नायकाने पाहू नये ते पाहिलेले असते, म्हणून त्याचा जीव धोक्यात येतो. या संकेताचे आमच्या प्रदेशातले सर्वांत तीव्र रूप मला चित्रपटात आढळले नाही. ते कवितेत आढळले. रायपूरजवळच्या राजनांदगावी १९५८ पासून अध्यापन करणारे, मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या 'अँधेरे में' या दीर्घ कवितेत मध्यरात्री एक मिरवणूक निघते. तीत शहरातले मान्यवर आणि कुख्यात गुंड एकत्र चाललेले असतात, आणि त्यांना पाहणाऱ्या साक्षीदाराचा पाठलाग सुरू होतो. १९६२ मध्ये मुक्तिबोधांच्या इतिहासाच्या पुस्तकावर राज्यशासनाने बंदी घातली होती. १९६४ मध्ये, ते गेले त्याच वर्षी, ही कविता प्रसिद्ध झाली. तीत थरारपटाचे सारे संकेत आहेत; फक्त शेवटी दिवे लागून प्रेक्षक सुटत नाही.

आता कसोटीचा प्रश्न. रहस्य कळल्यावर जी कृती निरुपयोगी होते ती हिणकस, आणि कळल्यावरही जी पुन्हा पाहावीशी वाटते ती खरी, असा निकष मी सुचवितो. त्याला आधार विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'चा आहे. हेर, बनावट पत्र, हरवलेली मुद्रा, विकले गेलेले अलंकार हा सारा सरंजाम त्यात आहे. तरी चाणक्याचा डाव प्रेक्षकापासून फारसा लपविलेला नाही. मग ताण कशाचा? तो चंदनदासाचा आहे. चंदनदास हा पाटलिपुत्राचा मणिकारश्रेष्ठी, म्हणजे जवाहिऱ्यांचा प्रमुख. मित्राच्या कुटुंबाला त्याने आश्रय दिला आहे, आणि सुळाची भीती घातली तरी तो त्यांना शासनाच्या हवाली करीत नाही. त्याला वाचविण्यासाठी राक्षस शरण येतो. कारस्थानाच्या यंत्रात एक माणूस तुटायचे नाकारतो, यात या नाटकाचा प्राण आहे.

मी 'मुद्राराक्षस' अनेक वर्षे शिकविले. त्याच वर्षांत एका विद्यार्थ्याने अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि मराठी रहस्यपट हा विषय प्रबंधासाठी सुचविला होता. तो विषय विद्यापीठीय पातळीचा नाही, असे सांगून मी त्याला परत पाठविले. ज्या पेटीतून मी वाचायला शिकलो, तिची ओळख मी त्याच्यापुढे नाकारली. त्याने दुसरा विषय घेतला, पदवी मिळविली, आणि पुढे त्या विषयाला कोणी हात लावला नाही. निदान माझ्या विभागात तरी नाही. चंदनदासाचे कौतुक वर्गात करणारा मी, एका लहानशा प्रसंगी टिकलो नाही.

सदर बाजारात आजही सराफी चालते. सराफ दागिना नाकारतो, परंतु दगडावर घासल्यावाचून नाही. नाकारण्याचा अधिकार त्याला परीक्षेनंतर मिळतो. आम्ही समीक्षकांनी रहस्यकथेला आणि थरारपटाला परीक्षेवाचूनच नाकारले. त्यांत पितळ पुष्कळ आहे, हे खरे. पण कस किती लागतो हे सांगण्यासाठी दगड आधी हातात घ्यावा लागतो, आणि तो घेण्याचे काम आता त्या विद्यार्थ्याच्या पुढच्या पिढीकडे आहे.