अरुंद रुळांवरच्या वाघिणी

इंग्रजीतला ‘वॅगन’ हा शब्द आपल्या लोकांनी उचलला तो ‘वाघीण’ करून. आज पाच वाघिणी लागल्या, दोन भरून निघाल्या, असे मालधक्क्यावरचा हमाल सहज बोलतो आणि वृत्तपत्रेही तोच शब्द वापरतात. नाव असे रुबाबदार मिळाले खरे. पण इतिहासाच्या दप्तरात या वाघिणीला फारशी जागा मिळालेली नाही. इंजिनाला पुष्कळदा नाव असते, त्याची छायाचित्रे निघतात, सेवा संपल्यावर ते एखाद्या स्थानकासमोरच्या चौथऱ्यावर मानाने उभे राहते. वाघीण माल वाहते, झिजते आणि एके दिवशी भंगारात तोलून विकली जाते. तिच्याकडे बारकाईने पाहणारा माणूस आज कोठे आढळत असेल, तर तो बहुधा फावल्या वेळात घरच्या टेबलावर रेल्वेच्या लहान प्रतिकृती जोडणाऱ्या छांदिष्टांच्या मेळ्यात. त्यातही अरुंद मापाच्या रेल्वेचा, म्हणजे नॅरोगेजचा नाद असलेला माणूस या बाबतीत फारच चिकित्सक.

अरुंद मापाची ही कथा वेल्समधील फेस्टिनियॉग रेल्वेपासून सांगण्याची प्रथा आहे. आपल्या शाळकरी पाटीचा जो काळा दगड, त्याच जातीचा दगड तेथे घरांची छपरे शाकारण्यासाठी खाणींतून निघे. तो डोंगरावरून पोर्थमॅडॉग बंदरात उतरविण्यासाठी १८३६ साली हा मार्ग सुरू झाला. रुळांमधले अंतर दोन फुटांहून किंचित कमी. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने खाली येत, आणि रिकाम्या वर ओढून नेणारे घोडे उतरताना त्याच गाडीत एका खास वाघिणीत उभे राहून दाणापाणी करीत खाली येत. १८६३ मध्ये वाफेची इंजिने आली. तरी खाली उतरणाऱ्या दगडगाड्या, कधी शंभराहून अधिक वाघिणींच्या, १९३९ पर्यंत इंजिनावाचूनच चालत राहिल्या. ब्रेक लावणारी माणसे त्यांवर बसून येत.

आपल्याकडे या विद्येचा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्ग तिला वीस-एकवीस मैलांवर टाळून गेलेला. मधले अंतर बैलगाडीचे. कॅलथ्रॉपने १८९५ मध्ये कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रेल्वे चालू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचून दोनशे मैलांवर गेली. (हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारण्याच्या छत्रीच्या मागे लागला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री करून मोकळा झाला. माणसाला स्वस्थ बसवत नसे, एवढेच.)

कॅलथ्रॉपची खरी कल्पकता इंजिनात पाहण्यापेक्षा वाघिणीत पाहावी, असे मला वाटते. हलके रूळ टाकायचे तर कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये, हे त्याने आधी ठरविले. आणि हा नियम इंजिनाला जसा, तसाच वाघिणीलाही लावला. रुळाला आपल्यावरून काय गेले ते कळत नाही, त्याला फक्त चाकाखालचे ओझे कळते. मालवाहू वाघिणींसाठी त्याने पंचवीस फूट लांब व सात फूट रुंद असा एकच सांगाडा योजला आणि तो दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचा केला. पातळ पत्र्याच्या कडा दुमडल्या की त्याला तुळईची ताकद येते आणि वाघिणीचे स्वतःचे वजन घटते. जितके ते घटले तितका माल वाढला. ही सारी वाहने त्याने १८९४ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून दाखविली होती. म्हणजे बार्शीच्या वाघिणींची पहिली दौड यॉर्कशरच्या पावसाळी हवेत झाली म्हणायची.

आता प्रतिकृतीकडे वळू. ब्रिटनमधील एक लोकप्रिय प्रमाण फुटाला चार मिलिमीटर असे आहे. या प्रमाणात कॅलथ्रॉपची वाघीण बरोबर शंभर मिलिमीटर लांब आणि अठ्ठावीस मिलिमीटर रुंद होते. हाताच्या तळव्यावर मावेल एवढी. अडीच फुटी रुळांमध्ये अंतर हवे दहा मिलिमीटर. परंतु बाजारात तयार मिळणारे रूळ नऊ मिलिमीटरचे. १९६० नंतरच्या दशकात नऊ मिलिमीटर रुळांवरच्या चिमुकल्या गाड्या निघाल्या, त्यांची चाके व यंत्रे नॅरोगेजवाल्यांनी आपलीशी केली, आणि तेव्हापासून दोन फुटी असो वा अडीच फुटी, सारे त्याच रुळांवर चालविण्याचा प्रघात पडला. सोवळे पाळणारे दहा मिलिमीटरचे रूळ स्वतः हाताने बसवितात. माझ्या मते एका मिलिमीटरची ही सवलत घ्यावी आणि वाचलेली मेहनत वाघिणीवर खर्च करावी.

वाघिणीचा संच सुट्या भागांत येतो. ते भाग कधी साच्यातल्या प्लास्टिकचे, कधी ओतीव पांढऱ्या धातूचे, तर कधी तेजाबाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे असतात. पांढरा धातू इतका लवकर वितळतो की त्याला नेहमीचा डाख चालत नाही. सत्तर अंशांच्या आसपास वितळणारा वेगळा डाख लागतो, नाहीतर सांध्याबरोबर वाघीणही पातळ होते. पहिले काम कानशीचे: साच्यातून बाहेर आलेले फाजील पापुद्रे काढणे. मग बाजू आणि टोके गुण्यात जोडणे, आणि सांगाडा काचेच्या तुकड्यावर ठेवून सगळी चाके टेकतात की नाही ते पाहणे. एक चाक केसभर अधांतरी राहिले तरी वाघीण पहिल्याच वळणावर रूळ सोडते.

येथे दोन गोष्टी माणसाला इतिहासाकडे परत नेतात. पाव इंच जाडीचा पोलादी पत्रा या प्रमाणात मिलिमीटरच्या दशांशापेक्षाही पातळ होतो. प्लास्टिक इतके पातळ ओतता येत नाही, म्हणून दिसणारी कड तेवढी आतून तासून घ्यावी लागते. ती तासताना, कॅलथ्रॉपने पत्र्याच्या जाडीसाठी एवढा जीव का टाकला, हे बोटांना समजते. दुसरी गोष्ट वजनाची. लांबी शहात्तरपट घटली की वजन शहात्तरच्या घनाने घटते; वीस टनांची भरलेली वाघीण हिशेबाने जेमतेम सेहेचाळीस ग्रॅमची होते, आणि रिकामी तर त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. एवढ्या हलक्या वस्तूला रुळावर टिकवायचे म्हणून तिच्या पोटात शिशाचा तुकडा लपवावा लागतो. ज्या वाघिणीचे वजन कमी करण्यात एका अभियंत्याची उमेदीची वर्षे गेली, तिला आपण चोरून वजन भरतो!

रंग दिल्यावर खरी परीक्षा सुरू होते, ती वाघीण जुनी करण्याची. नवी कोरी वाघीण रुळावर शोभत नाही. पातळ रंगाचे हात, जवळजवळ कोरड्या कुंचल्याचे फटकारे, रंगीत भुकट्या, अशी त्याची साधने आहेत. इंग्रजी पद्धतीत एक ठराविक नुस्खा चालतो: तळाकडे काजळी, कोपऱ्यांतून गंज, गंजाचे ओघळ खाली. वेल्सच्या वाघिणीला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. तेथे पाऊस अखंड. लोखंडावरचा ताजा गंज नारिंगी, जुना जवळजवळ चॉकलेटी. उघड्या लाकडाला रुपेरी राखाडी कळा. आणि सर्वांवर पाटीच्या दगडाची निळसर करडी धूळ. ब्रेकचा दांडा मात्र हातांनी घासून चकचकीत, कारण उतारावर तो सतत कोणाच्या तरी मुठीत असे.

हाच नुस्खा बार्शीच्या वाघिणीवर चालविला तर ते खोटे होईल. सोलापूर जिल्हा कोरडा. तेथे वर्षातले आठ महिने पत्र्याला पाण्यापेक्षा उन्हाचा जाच अधिक. छपराचा रंग आधी विटेल, बाजूंचा मागाहून. गंज येईल तो पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या दुमडीत, आणि चाकांच्या वरती चढेल ती काळ्या जमिनीची राखी धूळ. मग माल पाहावा. कापसाच्या गासड्या आणि धान्याची पोती कुर्डुवाडीला या वाघिणींतून काढून मोठ्या मापाच्या गाडीत चढवावी लागत, कारण दोन्ही रुळांची मापे निराळी. इंग्लंडमध्ये १९०४ साली लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅलीच्या छोट्या रेल्वेवर याच कॅलथ्रॉपने मोठी वाघीण अख्खीच्या अख्खी पाठीवर घेणारे वाहक गाडे चालविले. बार्शीकडे ही अदलाबदल हमालांच्या पाठींवरच पडे. तेव्हा रंग उडायचा तो दाराच्या उंबरठ्यावर, पोते जेथे टेकते आणि पाय जेथे पडतो तेथे. गंज कोठे लावावा यापेक्षा रंग कोठे घासावा, हा बार्शीच्या वाघिणीचा प्रश्न आहे.

वेल्सचा छांदिष्ट सुदैवी. त्याच्या रेल्वेवरची दगडवाहतूक १९४६ मध्ये थांबली, पण १९५५ पासून हौशी लोकांनी ती पुन्हा चालू केली. पाटीच्या दगडाच्या जुन्या वाघिणी तेथे आजही हात लावून पाहता येतात. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आगेमागे तिचे अरुंद रूळ उखडून त्या मार्गावर मोठे रूळ आले. प्रवाशांच्या दृष्टीने हे इष्टच झाले. मिरजेहून कुर्डुवाडीला जाताना ज्यांनी त्या गाडीची गती अनुभवली आहे, ते त्याबद्दल अश्रू ढाळणार नाहीत. परंतु जी छायाचित्रे मागे राहिली ती बहुतेक इंजिनांची. वाघिणी त्यांत असल्या तर मागे, धुरात अर्ध्या बुडालेल्या, आणि जुने चित्र असेल तर कृष्णधवल. रंग त्यातून कळत नाही, उंबरठ्याची झीज तर नाहीच.

ती माहिती आज माणसांजवळ आहे. कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर तरुणपणी पोती वाहिलेले, कारखान्यात सांगाडे दुरुस्त केलेले लोक आता वृद्ध झाले आहेत. प्रतिकृती करणाऱ्याने वाघीण जोडावी, तिला सपाट रंगाचा एक हात द्यावा, आणि जुनी करण्याआधी ती खिशात घालून अशा एखाद्या आजोबांकडे जावे. दार कोणत्या बाजूला अडे, पाय कोठे ठेवून चढत, मालाच्या कारकुनाची खडूची खूण पत्र्यावर कोठे असे, हे विचारावे. तळहातावरच्या त्या चार इंची वाघिणीवर ते बोटाने जी जागा दाखवतील, तेथला रंग घासून काढावा.