सुशी रोल, घरगुती (अहिल्यानगर जिल्हा)

व्हिनेगर, साखर व मीठ लावलेला चिकट भात नोरी नावाच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पानावर पसरून, मध्ये सारण घालून वळलेला आणि चकत्या कापून खाल्ला जाणारा जपानी पदार्थ. अर्ध्या पानाचा, एकाच सारणाचा बारीक रोल होसोमाकी, तर पूर्ण पानाचा, चार-पाच सारणांचा जाड रोल फुतोमाकी. सुशी म्हटली की कच्चा मासा डोळ्यांपुढे येतो, पण या पदार्थाचा जीव भातात आहे. काकडीचा, दुधीचा किंवा आंबवलेल्या सोयाबीनचा रोल जपानमध्ये तितकाच अस्सल मानतात. समुद्रापासून दूर असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा पदार्थ घरी आणि कमी पैशांत जमतो तो यामुळेच. भात, आंबटपणा आणि सारण तालुक्याच्या बाजारातून निभते, बाहेरून आणावी लागते ती नोरी.

सुशीचे आजचे रूप घडले ते रस्त्यावरच्या स्वस्त खाण्यातून. त्याआधी मासा टिकवण्यासाठी तो मीठ लावून भातात महिनोन् महिने आंबवत आणि पुढे भात टाकून फक्त मासा खात. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी आजही अशीच होते. आंबवायला वेळ लागू नये म्हणून भाताला थेट व्हिनेगर लावण्याची पद्धत एदो, म्हणजे आजच्या टोकियोत रुळली. हानाया योहेई (१७९९–१८५८) याच्या नावाशी जोडली जाणारी मुठीत दाबलेली निगिरी सुशी १८२० च्या दशकात तिथल्या हातगाड्यांवर विकली जाई. या स्वस्ताईला हातभार लावला तो हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन याने. त्याने १८०४ मध्ये साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून स्वस्त व्हिनेगर काढायला सुरुवात केली आणि महागड्या तांदळाच्या व्हिनेगरची अडचण दूर झाली. घरी काटकसरीने सुशी करणारा मूळ वाटेवरूनच चाललेला असतो.

तांदूळ : सुशीला आखूड, गुबगुबीत आणि शिजल्यावर एकमेकांना धरून राहणारा दाणा लागतो. जपानी जातींत अमायलोज हा स्टार्चचा घटक कमी असतो, म्हणून त्यांचा भात चिकटतो. बासमती आणि कोलम मोकळे होतात, त्यांचा रोल कापताना सुटतो. उकडा तांदूळही चालत नाही. महाराष्ट्रात सहज मिळणाऱ्या तांदळांत या कामाला सर्वांत जवळचा इंद्रायणी. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तो तयार झाला आणि १९८७ मध्ये प्रसारित झाला. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, म्हणजे जिल्ह्याचा या तांदळाशी संबंध नुसता खाण्यापुरता नाही. जपानी तांदळाच्या आयात पिशवीवर पैसे घालण्याची गरज नाही, हे इथे ठामपणे सांगितले पाहिजे. इंद्रायणीचा स्वतःचा वास जपानी तांदळाला नसतो. तो वास व्हिनेगरने थोडा दबतो, आणि उरला तरी बिघडत काही नाही.

जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत, ज्वारी-बाजरीचा. भाताची शेती आहे ती पश्चिमेकडच्या अकोले तालुक्यात, राजूर, भंडारदरा, घाटघर या पट्ट्यात, कळसूबाईच्या पायथ्याला. तिथे सुधारित वाणांबरोबर काळभातासारखे गावठी सुवासिक वाणही घरोघर जपले गेले. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची जी बँक उभी केली, तिच्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. काळभात सुशीत घालू नये असे मात्र या नोंदीचे मत आहे. त्याच्या सुवासाला व्हिनेगर मारून टाकते, आणि असा तांदूळ वरण-तुपाबरोबर खाण्यातच त्याचा मान आहे.

भात शिजवताना बहुतेकांचा रोल बिघडतो. तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा हलक्या हाताने धुवावा, अर्धा तास भिजवावा आणि पूर्ण निथळावा. नव्या इंद्रायणीला एका वाटीस सव्वा वाटी पाणी पुरते, वर्षभर जुन्याला दीड वाटी. नव्या तांदळाला नेहमीच्या सवयीने दुप्पट पाणी घातले तर गुरगुट्या भात होतो, तो पोरांना भरवायला चांगला, वळायला नाही. जाड बुडाच्या पातेल्यात उकळी आली की घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर बारा मिनिटे ठेवावा, आच बंद केल्यावर झाकण न काढता आणखी दहा मिनिटे. मधे झाकण उघडून पाहू नये.

आंबटपणा : दोन वाट्या तांदळाला चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ. साखर विरघळेपर्यंत कोमट करावे, उकळू नये. किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा उग्र लागते, म्हणून तीन चमच्यांत एक चमचा पाणी मिसळावे. दुसरा मार्ग लिंबाचा. जपानमध्येही कोचीसारख्या भागांत युझू या आंबट फळाचा रस सुशीच्या भाताला लावतात. श्रीगोंदा-कर्जतकडे कागदी लिंबाच्या बागा आहेत, आणि राहुरीच्या विद्यापीठाने साई शरबती हे वाणही दिले आहे. अर्धे व्हिनेगर आणि अर्धा लिंबूरस हे प्रमाण उत्तम लागते. रस मात्र मिश्रण आचेवरून उतरवून गार झाल्यावरच घालावा, गरम केल्यास तो कडवटतो. साखरेचा प्रश्नच नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून सहकारी साखरेची चळवळ जिथे वाढली, तो हा जिल्हा.

भातात मिश्रण मिसळायला जपानी स्वयंपाकी उथळ लाकडी भांडे वापरतात, कारण लाकूड जास्तीचा ओलावा शोषून घेते. जुन्या घरात भाकरीचे पीठ मळायची काथवट असेल तर ती याच गुणामुळे कामी येते. आधी ओली करून पुसून घ्यावी. नसेल तर पसरट परात. गरम भात त्यात उपसून मिश्रण शिंपडावे, उलथन्याच्या धारेने कापल्यासारखे उभे-आडवे फिरवावे, घोटू नये. दुसऱ्याने पुठ्ठ्याने वारा घालत राहावा. भात लवकर निवतो आणि दाण्यांवर चकाकी येते. अंगाइतका कोमट असताना तो वळायला घ्यावा. फ्रिजमध्ये निववलेला भात कडक होतो आणि पानाला धरत नाही.

नोरी : सगळ्या खर्चात जड बाब हीच. दहा पानांच्या एका पाकिटाच्या पैशांत काही किलो इंद्रायणी येतो. तरी नोरी आज निदान एवढी मुबलक मिळते, याला एका इंग्रज शास्त्रज्ञ बाईंचे ऋण आहे. कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की हे शेवाळ आयुष्याचा एक टप्पा शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म रूपात काढते. तोवर जपानी कोळ्यांना नोरीचे बी कुठून येते हेच कळत नव्हते आणि पीक निसर्गाच्या मर्जीवर असे. या शोधावरून पद्धतशीर लागवड सुरू झाली. कुमामोतो प्रांतात त्यांचे स्मारक आहे आणि दर एप्रिलात तिथे त्यांची आठवण केली जाते. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नव्हत्या.

पान साधारण २१ बाय १९ सेंटिमीटरचे असते. काटकसर करायची तर ते कात्रीने मधोमध कापून बारीक रोल करावेत, दहा पानांत वीस रोल होतात. वळण्याआधी पान गॅसच्या आचेवरून दुरून एकदा फिरवले की कुरकुरीत होते. नोरी नकोच असेल तर वाफवलेले कोबीचे पान किंवा अंड्याचा पातळ पापुद्रा घ्यावा. याला नकली म्हणण्याचे कारण नाही. जपानमध्येही अंड्याच्या पापुद्र्यात सुशी बांधतात, आणि वाकायामाकडची मेहारीझुशी मोहरीवर्गातल्या पाल्याच्या खारवलेल्या पानात गुंडाळतात. अळूचे पान मात्र कच्चे कधीही वापरू नये, घसा खवखवतो.

सारण : काकडीचा रोल सर्वांत सोपा आणि स्वस्त. बियांचा गर काढून कोवळ्या काकडीच्या लांब काड्या कराव्यात, मीठ लावून पाणी सुटू द्यावे आणि पुसून घ्याव्यात. हिमांगी आणि फुले शुभांगी ही राहुरीचीच काकडीची वाणे. गाजर, ढोबळी मिरची, व्हिनेगरात मुरवलेल्या मुळ्याच्या काड्या, गोडसर ऑम्लेटची पट्टी, हे सगळे चालते. पनीर भाताबरोबर फिके पडते, सोया सॉसमध्ये परतून घेतले तर बरे.

खरी मजा दुधीची आहे. टोकियोच्या जुन्या सुशी दुकानांत साधा नोरीचा रोल मागितला की आत कानप्यो असते, म्हणजे दुधी भोपळ्याच्याच जातीच्या गोल फळाच्या वाळवलेल्या पट्ट्या. जपानातले बहुतेक कानप्यो तोचिगी प्रांतात होते. नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, कुरडया-पापडांच्या वाळवणाबरोबर ते कोणालाही करता येईल. निबर न झालेला दुधी सोलून, बियांचा गाभा सोडून, लांबलांब पट्ट्या काढाव्यात, बोटाइतक्या रुंद आणि दोन-तीन मिलिमीटर जाड. दोरीवर टाकून कडक उन्हात वाळवाव्यात आणि डब्यात भराव्यात. वापरताना पट्ट्या मिठाने चोळून, धुऊन, मऊ होईतो उकळाव्यात. मग सोया सॉस, साखर आणि थोडे पाणी घालून रस आटेपर्यंत शिजवाव्यात. पट्टी तपकिरी, पारदर्शक आणि चिवट-मऊ झाली पाहिजे, दाताखाली तुटताना किंचित ताणली जाते. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू असेल तर पूर्ण फळ टाकून द्यावे, कडू दुधी विषारी असतो.

मांसाहारी घरात आठवडी बाजारातली सुकट हे उत्तम सारण. जपानी फुतोमाकीत कोळंबी किंवा मासा शिजवून, कुटून, साखर घालून कोरडा परतलेला भुगा घालतात. सुकट निवडून, मंद आचेवर खमंग भाजून, हाताने चुरडून, थोड्या साखरेबरोबर पुन्हा परतली की तीच जागा भरून निघते. ती खारट असते, म्हणून रोलमध्ये चिमूटभरच.

कच्च्या माशाबाबत स्पष्ट लिहिणे भाग आहे. मुळा धरण, भंडारदरा किंवा जायकवाडीच्या फुगवट्यातला रोहू, कटला, मरळ, चिलापी कच्चा खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाच्या पोटात रुजणारे परजीवी असू शकतात, आणि व्हिनेगर वा मोहरीने ते मरत नाहीत. समुद्री मासाही कच्चा खाण्यापूर्वी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवण्याचा नियम पाळतात, घरच्या फ्रिजचा त्यासाठी भरवसा धरता येत नाही. मासा हवाच असेल तर तळलेला, काटे काढलेला चिलापी किंवा उकडलेली कोळंबी घ्यावी.

सुशीबरोबर खातात त्या झणझणीत वसाबीच्या नावाने मिळणाऱ्या बहुतेक हिरव्या लगद्यात खरी वसाबी नाममात्र असते, मुख्यतः हॉर्सरॅडिश आणि मोहरीच असते. तिन्हींचा झणका एकाच रसायनाचा. तेव्हा फेसलेली मोहरी पुरेशी आहे. थंड पाण्यात वाटून दहा मिनिटे झाकून ठेवावी, झणका चढला की दोन थेंब लिंबू पिळावे. गरम पाणी घातले तर तिचा झणका उठतच नाही. कोवळ्या आल्याच्या पातळ चकत्या लिंबूरस, मीठ आणि साखरेत घातल्या की त्या आपोआप गुलाबी होतात, त्या तोंडी लावायला.

वळणे : बांबूची चटई नसल्यास जाडसर सुती पंचाची दुहेरी घडी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून घ्यावी. नोरीची चकचकीत बाजू खाली. हात व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून झटकावेत, कोरड्या हाताला भात चिकटतो आणि फार ओल्या हाताने नोरी लोळागोळा होते. अर्ध्या पानावर मुठीएवढा भात, सुमारे ८० ग्रॅम, बोटांच्या टोकांनी पसरावा, दाबू नये. मधूनमधून नोरीचा काळा रंग दिसला पाहिजे. पलीकडच्या कडेला बोटभर जागा मोकळी. सारणाची रेघ मध्याच्या किंचित अलीकडे. आता अंगठ्यांनी चटई उचलून, बाकीच्या बोटांनी सारण आत धरून, अलीकडची भाताची कड पलीकडच्या भाताच्या कडेवर एका झटक्यात टेकवावी, चटईवरूनच एकदा आवळावे आणि उरलेली पट्टी पुढे लोटून रोल सांध्यावर दोन मिनिटे ठेवावा. अळूवडी वळणाऱ्या हाताला हे पहिल्या-दुसऱ्या रोललाच साधते. नवखे नेहमी भात जास्त घेतात, मग नोरी फाटते. धारदार सुरी ओली करून आधी मधोमध, मग प्रत्येक अर्ध्याचे तीन तुकडे. दर कापाला सुरी ओल्या फडक्याने पुसावी.

दोन वाट्या तांदळात असे आठ-नऊ बारीक रोल, म्हणजे पन्नासेक तुकडे होतात, आणि त्याला नोरीची चार-पाच पानेच लागतात. बाजारातला दाट काळा सोया सॉस भातावर ओतू नये, तुकडा उलटा करून टोकाला टेकवावा.

रोल केले की दोन-तीन तासांत खावेत. डब्यात न्यायचे असल्यास ओल्या पंचात गुंडाळावेत, आणि उन्हाळ्यात अंडी वा कोळंबी घातलेले डब्यात देऊच नयेत. उघडलेल्या पाकिटातली नोरी नगरच्या कोरड्या हवेतही सादळते. हवाबंद डब्यात, पाकिटातली शोषक पुडी न काढता ठेवावी. पावसाळ्यात मऊ पडलीच तर तव्यावर भाजून चुरावी आणि तीळ-मिठाबरोबर गरम भातावर घ्यावी.