कधी कळलं?

काका गेल्याचा निरोप मला तिसऱ्या दिवशी मिळाला. कामासाठी गेलो होतो तिथं फोन लागत नव्हता. रात्रभर बस, पहाटे स्वारगेट, तिथून वाईची एसटी. मातीला मी पोचलोच नाही. पायरीवर पाय ठेवला तोच थोरल्या काकूनं विचारलं, "कधी कळलं रे तुला?"

निघालास कधी, जेवलास का, हे सगळं नंतर. आधी कळलं कधी. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्याच्या मुळाशी सुतक आहे, आणि सुतकाची कुळकथा मोठी विलक्षण आहे.

मुळात हा शब्द मरणाचा नाहीच. संस्कृतात 'सू' म्हणजे प्रसवणं. प्रसूती, सूतिका हे त्याच घरचे शब्द. सूतक म्हणजे जन्म आणि जन्मामुळे घराला लागणारं अशौच. पुढे स्मृतिग्रंथांत तोच शब्द जन्म आणि मरण अशा दोन्हींच्या अशौचाला लागू लागला. मराठीनं तर तो जवळजवळ सगळा मरणाच्या पदरात टाकला आणि जन्मासाठी 'सोयर' किंवा 'वृद्धी' हे शब्द ठेवले. बाळंतिणीच्या खोलीतून निघालेला शब्द असा स्मशानापर्यंत चालत गेला. आज 'सुतकी चेहरा' म्हणताना त्यात बाळाचं रडणं दडलेलं आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सोयर आणि सुतक दोन्ही एकत्र राहिले ते एका वाक्प्रचारात. ज्याचं आपल्याला सोयरसुतक नाही त्याचा जन्मही आपला नाही आणि मृत्यूही नाही. नातं नसणं इतक्या नेमकेपणानं सांगणारा दुसरा शब्द मला माहीत नाही.

काकूचा प्रश्न मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायाइतका जुना आहे. परगावी असलेल्या आप्ताचा मृत्यू दहा दिवसांच्या आत कळला तर उरलेले दिवस सुतक धरायचं. दहा दिवस उलटून गेल्यावर कळला तर तीन रात्री. वर्षानंतर कळला तर नुसती आंघोळ. म्हणजे सुतक चढतं ते बातमी कानावर पडल्यावर. माणसं बैलगाडीनं, पायी, होडीनं जात तेव्हाची ही तजवीज आहे. दहाच्या आत कुणाला कधीही कळो, सगळ्यांचं सुतक एकाच दिवशी फिटतं. उशिरा आलेलाही मागे राहत नाही. मला हे फार मायेचं वाटतं.

सगळेच नियम मायेचे नव्हते. त्याच ग्रंथानं ब्राह्मणाला दहा दिवस आणि शूद्राला महिना सांगितला, दुःखाचीही प्रतवारी लावली. पुढच्या ग्रंथांनी लग्न झालेल्या मुलीचं माहेरचं सुतक दहावरून तीनवर आणलं, आई-वडील गेले तरी तीनच. हे मला कधी पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

बातमी कशी पोचायची तेही बदलत गेलं. १ जुलै १८७९ ला हिंदुस्थानात एका पैशाचं पोस्टकार्ड आलं आणि मरणाची वार्ता त्यावरून फिरू लागली. असं कार्ड टाकताना त्याचा कोपरा फाडत. वर 'श्री' घालत नसत. वाचलं की लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण पोस्टमनच्या हातातल्या गठ्ठ्यात तुटका कोपरा दिसला की ती चुलीवरचं भांडं खाली उतरवून ठेवी. तारा तर पोस्टकार्डाच्याही आधीपासून होत्या. १५ जुलै २०१३ पासून त्याही बंद झाल्या. आता भाऊबंदांचा व्हॉट्सॲप ग्रुप. मला कळलं तेही तिथंच, तेहतीस न वाचलेल्या निरोपांच्या तळाशी.

सुतक लागतं कुणाकुणाला, याचं गणित पिंडावर उभं आहे. बाप, आजा, पणजा हे पिंडाचे धनी. त्यांच्या वरच्या तिघांना पिंड नाही, हाताला चिकटून राहिलेला लेप तेवढा मिळतो. पिंड देणारा स्वतः सातवा. सातव्या पुरुषापाशी सपिंड नातं थांबतं. त्यापलीकडचे समानोदक, म्हणजे तर्पणाच्या पाण्यापुरते भाऊबंद. हे पाण्याचं नातं कधी तुटतं? मनुस्मृती म्हणते, जन्म आणि नाव ठाऊक नाहीसं झालं की. तिथं पिढ्यांचा आकडा नाही. नाव लक्षात आहे तोवर तो माणूस आपला.

बाराव्याला काकांचा लांबट पिंड तीन ठिकाणी तोडून त्यांच्या बाप-आजा-पणज्याच्या गोल पिंडांत मिसळायचा होता. आदल्या रात्री गुरुजींनी फोनवर नावं विचारली. आजोबांचं सांगितलं, पणजोबांचंही. खापरपणजोबांपाशी आम्ही सगळे अडलो. चुलतभाऊ नागपूरहून आलेला, एक बहीण मडगावहून, एक पुतण्या पहिल्यांदाच भेटलेला. कुणालाच सांगता येईना. कित्येक वर्षं आम्ही एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती.

आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून लसूण सोलत होती. आमच्या घरच्या रिवाजानं तिचं सुतक तीन दिवसांतच संपलं होतं, तरी ती गेली नव्हती. मान वर न करता तिनं नाव सांगितलं. मग त्यांच्या बायकोचं सासरचं नाव, माहेरचं नाव, ती कुठल्या गावची, आणि तिची सहा मुलं, त्यातली जगलेली दोन. पुतण्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली.

"हळू सांग आत्या," मडगावची बहीण म्हणाली, "त्या न जगलेल्या चौघांची नावं माहीत आहेत तुला?"

"दोघांची आहेत," आत्या म्हणाली आणि हातातली पाकळी ताटलीत टाकली.

पुतण्यानं चार रेघा आखल्या. दोन भरल्या. दोन कोऱ्या ठेवल्या.